यॉर्कची नगरप्रदक्षिणा

क्षेत्राच्या ठिकाणी गेले की आधी प्रदक्षिणा घालावी आणि मग गाभाऱ्यात पाऊल टाकावे, अशी आपल्याकडील रीत आहे. इंग्लंडातील यॉर्क हे शहर पाहावयाचे तर हीच रीत सोयीची पडते. या शहराभोवती दगडी तट आहे, आणि त्या तटावरून माणसाला चालता येते. सुमारे सव्वातीन-साडेतीन किलोमीटरचा हा फेरा आहे. मध्ये मध्ये तुटतो, पायऱ्या उतरून रस्त्यावर यावे लागते, पुन्हा चढावे लागते. पण फेरा पुरा केला की शहर आपल्याला चारी बाजूंनी दिसलेले असते, आणि मधोमध असलेले ते उंच प्रार्थनामंदिर सगळ्या वाटेत सोबत करते. इंग्लंडात इतकी लांब आणि इतकी शाबूत तटबंदी दुसऱ्या कोणत्याही शहराला नाही.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त लीड्स गावी असतात. त्यांच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला, आणि लीड्सहून यॉर्क आगगाडीने जेमतेम अर्ध्या तासावर, म्हणून आम्ही जावा-जावा तेथे चार वेळा जाऊन आलो. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी पाट्या वाचता येतात, पण त्या लोकांचे भरभर बोलणे कानांतून निसटते. ते माझ्या जाऊबाईंनी मला मराठीत सांगितले, आणि पुढे घरी बसून पुस्तकांतून मी ते पडताळून घेतले. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आपल्या चिटणीस बाईंचा आग्रह झाला, तेव्हा ठरविले, प्रवासातील खाण्यापिण्याची आणि थंडीची हकीकत सांगण्यापेक्षा त्या गावाचा इतिहासच थोडक्यात सांगावा. त्यात आपण बायकांनी ऐकण्यासारखे पुष्कळ आहे.

यॉर्क वसविले रोमन लोकांनी. इ. स. ७१ मध्ये त्यांच्या नवव्या पलटणीने दोन नद्यांच्या बेचक्यात छावणी टाकली आणि तिला ‘एबोराकम’ असे नाव दिले. रोमचा बादशहा सेप्टिमियस सेव्हेरस इ. स. २११ मध्ये येथेच वारला. इ. स. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइन याला त्याच्या सैन्याने येथेच बादशहा म्हणून जाहीर केले. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा तो हाच बादशहा. प्रार्थनामंदिराच्या बाजूला त्याचा बसलेला पुतळा आहे. रोमन गेले, अँग्लो-सॅक्सन आले. त्यांनी गावाला ‘इओफॉरविक’ म्हटले. इ. स. ८६६ मध्ये समुद्रापलीकडून व्हायकिंग आले, त्यांनी ‘योर्विक’ केले, आणि त्याचेच झिजत झिजत यॉर्क झाले. जसजशी राज्ये बदलली तसतसे नावही बदलले. आपल्याकडील गावांची कथा याहून निराळी नाही.

आता तटाची गोष्ट. आज ज्या तटावरून लाखो प्रवासी हौसेने फिरतात, तो तट एके काळी पाडून टाकावयाचा होता. १८०० साली नगरसभेने तशी खटपट सुरू केली. तिचे म्हणणे आपल्याला ओळखीचे वाटेल. तट जुना झाला, त्याची डागडुजी परवडत नाही, वेशी अरुंद आहेत, गाड्या अडतात, हवा खेळत नाही. काही भाग पाडलाही गेला. चार मुख्य वेशींच्या पुढे संरक्षणासाठी बांधलेली जी दगडी पुढवळ होती ती तीन वेशींची काढून टाकली. फक्त वॉल्मगेट नावाच्या वेशीची तेवढी राहिली. बाकीचा तट वाचला तो गावातल्या लोकांनी ओरड केली म्हणून. या ओरडीत विल्यम एटी नावाचा एक चित्रकार पुढे होता. तो १७८७ साली यॉर्कमध्येच एका पाववाल्याच्या घरी जन्मला. लंडनला जाऊन मोठा झाला, पण गावाचा तट पडतो आहे हे कळताच तेथून पत्रे लिहून त्याने लोकांना जागे केले. त्याचा पुतळा आज बूथम वेशीजवळच्या चौकात उभा आहे. त्याच्या मागे चित्रशाळा आहे आणि पलीकडे त्याने वाचविलेली वेस आहे.

याच चौकातून रोज शहर दाखविण्याची फेरी निघते, आणि ती मला सर्वांत अपूर्व वाटली. यॉर्कमध्ये शहर दाखविणारे स्वयंसेवक आहेत. १९५१ साली त्यांची संस्था निघाली आणि तेव्हापासून हे नागरिक येणाऱ्या-जाणाऱ्याला बरोबर घेऊन सुमारे दोन तास पायी फिरवितात. त्यासाठी एक पैसा घेत नाहीत. बक्षिशी देऊ केली तरी नाकारतात. आम्हांला भेटलेल्या बाई सत्तरीच्या घरातील असतील. पायांत जाड बूट, हातात छत्री, आणि बोलणे असे की आपल्या सुनेला घरातील कोनाडे दाखवीत आहेत. फेरी संपल्यावर एका गृहस्थांनी त्यांच्या हातात नोट ठेवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या हसून मागे सरल्या. आपले गाव दाखविण्याचे पैसे कसले घ्यावयाचे, असा त्यांचा भाव. जाऊबाई मला म्हणाल्या, “वहिनी, या बाई आपल्या मंडळात शोभल्या असत्या.”

१९५१ हे वर्ष यॉर्कला आणखी एका कारणाने महत्त्वाचे. इंग्लंडभर त्या वर्षी मोठा उत्सव होता. त्या निमित्ताने यॉर्कच्या लोकांनी आपली जुनी धार्मिक नाटके पुन्हा उभी केली. मध्ययुगात हा नाट्यप्रयोग तेथील कारागीर करीत. जगाच्या उत्पत्तीपासून शेवटच्या निवाड्यापर्यंतच्या बायबलातील कथा त्यांनी आपसांत वाटून घेतलेल्या. प्रत्येक धंद्याच्या मंडळीने एक प्रसंग गाडीवर उभा करावयाचा आणि गाडी गावभर चौकाचौकांत न्यावयाची. १५६९ नंतर हे बंद पडले होते. जवळजवळ पावणेचारशे वर्षांनी सेंट मेरीच्या पडक्या मठात ती नाटके पुन्हा झाली, आणि गावातीलच माणसांनी कामे केली. त्यांत ज्युडी डेंच नावाची एक शाळकरी मुलगी देवदूत झाली होती. पुढे ती इंग्लंडची मोठी नटी झाली.

गावात शिरल्यावर पहिली गंमत रस्त्यांच्या नावांची. यॉर्कमध्ये पुष्कळ रस्त्यांच्या शेवटी ‘गेट’ येते, पण ते दार नव्हे. व्हायकिंगांच्या भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता. त्यावरून हे गेट. आणि खऱ्या वेशीला तेथे ‘बार’ म्हणतात! कॉपरगेट नावाची एक आळी आहे. कॉपर म्हणजे तांबे समजून आपण तिला तांबट आळी म्हणू. पण तो शब्दही जुन्या भाषेतील आहे आणि त्याचा अर्थ लाकडी पेले करणारे. तेव्हा ती खरी कातारी आळी. याच आळीत १९७६ ते १९८१ या काळात खणती झाली, आणि खाली व्हायकिंगांची अख्खी वस्ती सापडली. तेथील जमीन ओली असल्याने लाकूड, चामडे, लोकर या एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू टिकून राहिल्या होत्या. कातलेले पेले, चामड्याचे जोडे, फण्या, एक लोकरी मोजासुद्धा. सुमारे चाळीस हजार वस्तू निघाल्या. १९८४ साली त्याच जागी जमिनीखाली ‘योर्विक’ नावाचे प्रदर्शन उघडले. छोट्या गाडीत बसवून आपल्याला हजार वर्षांपूर्वीच्या गल्लीतून नेतात. चूल पेटलेली, बाई काम करते आहे, मुले खेळतात, आणि त्या वेळचा वाससुद्धा मुद्दाम सोडलेला असतो. डिसेंबर २०१५ मध्ये नदीचे पाणी आत शिरले, तेव्हा वस्तू हलवून वाचविल्या. २०१७ साली प्रदर्शन पुन्हा सुरू झाले. लूटमार करणारे म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्या घरातही मोजे विणणारे कोणीतरी होते, हे तेथे गेल्यावर प्रथम मनात येते.

तेथून शॅम्बल्स जवळच. शॅम्बल्स म्हणजे खाटीक आळी. मांस मांडण्याच्या फळ्यांवरून हे नाव पडले. हा रस्ता इतका अरुंद की वरच्या मजल्यांचे लाकडी सज्जे पुढे झुकून एकमेकांना भेटावयास आलेले वाटतात. त्या सावलीमुळे खाली मांडलेल्या मांसावर ऊन पडत नसे. आता तेथे खाटकाचे एकही दुकान नाही. मिठाई, भेटवस्तू आणि इंग्रजी गोष्टींतील त्या जादूगार मुलाच्या काठ्या-टोप्या यांची दुकाने आहेत, आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी दाटी की पुढे सरकावयास मिळत नाही. परंतु या दाटीत एका लहानशा घरात चार बाके टाकून केलेले शांत देवघर आहे. ते मार्गारेट क्लिदरो हिचे.

भगिनींनो, ही मार्गारेट म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी एक गृहिणी. १५७१ साली तिचे लग्न जॉन क्लिदरो या खाटकाशी झाले. नवरा बिजवर होता. ती दुकान सांभाळी, मुले सांभाळी. त्या वेळी इंग्लंडात एलिझाबेथ राणीचे राज्य होते, आणि जुना कॅथलिक पंथ पाळणे हा गुन्हा ठरला होता. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मार्गारेटने तोच पंथ पत्करला. नवऱ्याने पंथ बदलला नाही, पण तिच्या आड आला नाही. चर्चला न गेल्याबद्दल तिला होणारे दंड तो भरीत राहिला. तिला या पायी अनेकदा तुरुंग घडला, आणि वाचावयास ती शिकली ती तुरुंगातच. घरात ती पाद्र्यांना लपवून ठेवी. मार्च १५८६ मध्ये घराची झडती झाली आणि तिला पकडून न्यायाधीशापुढे उभे केले.

कायदा असा होता की आरोपीने ‘दोषी’ किंवा ‘निर्दोषी’ असे काही तरी म्हटल्याखेरीज खटला चालावयाचा नाही. मार्गारेट काहीच म्हणेना. खटला चालला असता तर तिच्याविरुद्ध साक्ष द्यावयास तिची स्वतःची मुले आणि नोकरमाणसे उभी केली असती. ते पाप मुलांच्या माथी येऊ नये म्हणून ती गप्प राहिली. गप्प राहणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती. जमिनीवर पालथे-उताणे निजवून अंगावर फळी ठेवावयाची आणि तीवर दगड रचीत जावयाचे. २५ मार्च १५८६ रोजी ऊज नदीच्या पुलावरील चौकीत तिला असे मारले. अंगावर ठेवलेली फळी म्हणजे तिच्याच घराचे दार होते, असे सांगतात. ती तेव्हा गर्भवती होती असेही तिच्या ओळखीच्यांचे म्हणणे होते. मरण्यापूर्वी तिने आपली टोपी नवऱ्याकडे आणि जोडे बारा वर्षांच्या मुलीकडे, ॲनकडे पाठविले, अशी कथा आहे. माझ्या पावलावर पाऊल ठेव, हा त्याचा अर्थ. ती मुलगी पुढे खरोखरच परदेशी जाऊन जोगीण झाली. १९७० साली पोपने मार्गारेटला संतपद दिले.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी एक गोष्ट न लपविता सांगितली. ज्या घरात देवघर आहे ते तिचे घर नसावे. रस्त्यातील घरांचे आकडे मधल्या काळात बदलले आणि तिचे खरे घर समोरच्या बाजूला असावे, असे पुढील संशोधनावरून मानतात. तरीही लोक येतात, मेणबत्ती लावतात. पंथ कोणताही असो, आईने मुलांसाठी तोंड मिटून घेणे म्हणजे काय ते समजावयास धर्म विचारावा लागत नाही.

तिच्या मरणाच्या आदल्याच वर्षी, १५८५ मध्ये, त्याच यॉर्कशायरात मेरी वॉर्ड जन्मली. मुलींनाही मुलांसारखे शिकवावे, आणि शिकविणाऱ्या जोगिणींनी चार भिंतींत कोंडून न घेता समाजात वावरावे, हा तिचा हट्ट. त्यासाठी ती आल्प्स पर्वत ओलांडून रोमला पायी गेली. पण खुद्द तिच्या पंथाच्या श्रेष्ठींना हे मानवले नाही. १६३१ साली तिची संस्था मोडण्यात आली आणि तिलाही काही काळ कोंडून ठेवले. १६४५ साली यॉर्कजवळच ती वारली. मात्र तिचे काम मेले नाही. १६८६ साली तिच्या मागून आलेल्या स्त्रियांनी यॉर्कच्या मिकलगेट वेशीबाहेर एक घर घेऊन मुलींची शाळा काढली. मठ काढणे हा तेव्हा गुन्हा होता, म्हणून त्या साध्या करड्या झग्यांत राहत आणि लोक त्यांना नुसत्या ‘वेशीवरच्या बाया’ म्हणत. १६९९ साली त्यांनी गरीब मुलींसाठी दिवसाची शाळाही सुरू केली. १७६९ मध्ये त्यांनी घराच्या पोटात देऊळ बांधले. त्याला सुरेख घुमट आहे, पण तो बाहेरून दिसू नये म्हणून वर साधे उतरते छप्पर घातले, आणि पळून जाता यावे म्हणून आठ दारे ठेवली. ‘बार कॉन्व्हेंट’ म्हणून ही वास्तू प्रसिद्ध आहे. मार्गारेट क्लिदरोचा म्हणून एक वाळलेला हात तेथे जतन केलेला आहे.

याच बार कॉन्व्हेंटमध्ये आयर्लंडातील फ्रान्सिस बॉल नावाची मुलगी शिकली. तिने पुढे आपल्या देशात लोरेटो संस्था काढली. त्या संस्थेच्या जोगिणी १८४१ च्या अखेरीस कलकत्त्यास आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या. मदर तेरेसा हिंदुस्थानात प्रथम आल्या त्या याच लोरेटोतून. यॉर्कच्या वेशीबाहेर लपूनछपून चाललेल्या शाळेचा धागा असा आपल्या देशापर्यंत येऊन पोचला आहे.

यॉर्कच्या दुसऱ्या टोकाला हिरव्या टेकाडावर एक गोल दगडी बुरूज आहे. त्याला क्लिफर्डचा बुरूज म्हणतात. वसंतात टेकाडावर पिवळी डॅफोडिलची फुले दाटतात आणि प्रवासी त्यांची चित्रे काढतात. पण ही जागा हसण्याची नव्हे. ११९० साली येथे लाकडी बुरूज होता. धर्मयुद्धाचे वेड तेव्हा देशभर पसरले होते, आणि कर्ज देणाऱ्या ज्यू लोकांवर राग धरण्यास कर्ज घेणाऱ्यांना ते चांगले निमित्त झाले. जमाव चालून आला, तेव्हा यॉर्कचे सुमारे दीडशे ज्यू बायकामुलांसह या बुरुजात शिरले. बाहेर वेढा पडला. सुटका नाही असे दिसल्यावर १६ मार्चच्या रात्री त्यांतील बहुतेकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा आपल्याच माणसांच्या हातून मरण पत्करले. जे उरले त्यांना अभय देऊन बाहेर बोलाविले आणि ठार केले. नंतर जमाव प्रार्थनामंदिरात गेला, तेथे ठेवलेली कर्जखते बाहेर काढली आणि जाळली. म्हणजे धर्माच्या नावाने जे झाले त्याच्या तळाशी काय होते ते उघडच झाले! या घटनेचा शिलालेख तेथे लागला तो १९७८ साली, जवळजवळ आठशे वर्षांनी. उशिरा का होईना, लागला. आता शहर दाखविताना ही हकीकत वगळीत नाहीत.

बुरुजासमोरच किल्ल्याचे संग्रहालय आहे. जॉन कर्क नावाचे एक खेड्यातील डॉक्टर होते. घरोघर रोगी पाहावयास जात, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की जुन्या वस्तू हळूहळू नाहीशा होत आहेत. लोण्याच्या रव्या, इस्त्र्या, दिवे, पाळणे, लाकडी साचे असे जे मिळेल ते त्यांनी जमविण्यास सुरुवात केली; कधी कधी फीऐवजी ते वस्तूच घेत. १९३८ साली त्या संग्रहाचे संग्रहालय झाले, आणि त्याला जागा मिळाली जुन्या बायकांच्या तुरुंगात. आत दुकानांसह एक जुना रस्ताच उभा केला आहे. राजाच्या मुकुटापुढे माणूस क्षणभर थांबतो. पण जुन्या स्वयंपाकघरापुढे बायका किती वेळ उभ्या राहतात ते पाहावे. माझ्या शेजारी एक म्हातारी इंग्रज बाई नातीला हाताने फिरविण्याचे कपडे पिळावयाचे यंत्र दाखवीत होती, आणि नातीला ते खरे वाटत नव्हते.

येथून चालत गेले की व्यापारी मंडळाचे सभागृह लागते. १३५७ साली बांधावयास घेतलेले, सबंध लाकडी तुळयांचे. त्या मंडळाच्या परवान्याखेरीज गावात व्यापार करता येत नसे. १७२५ साली मेरी ट्यूक नावाच्या तीस वर्षांच्या बिनलग्नाच्या बाईने परवान्यावाचून किराणा दुकान काढले. मंडळाने तिला बोलाविले, दम दिला, खटल्याची भीती घातली. हे काही वर्षे चालले. बाईने दुकान बंद केले नाही. शेवटी तिला परवानगी देणे भाग पडले. पुढे तिच्या पुतण्याने ते दुकान वाढविले. त्याच विल्यम ट्यूकने १७९६ साली वेड लागलेल्या माणसांना साखळदंडाने न बांधता माणुसकीने वागविणारे इस्पितळ काढले. दुकानातील कोकोचा धंदा १८६२ साली रौंट्री घराण्यातील हेन्री याने विकत घेतला. त्यातून मोठा कारखाना झाला, आणि १९३५ साली त्या कारखान्याने जी चॉकलेटची वडी काढली तीच आज आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळणारी किटकॅट. त्याच १८६२ साली मेरी अ‍ॅन क्रेव्हन या बाईला वैधव्य आले. पदरी तीन लहान मुले. तिने वडिलांचा आणि नवऱ्याचा मिठाईचा धंदा एक करून स्वतः चालविला, आणि क्रेव्हनची मिठाई नावाजली. शहरातील चॉकलेटच्या प्रदर्शनात या कथा सांगतात.

प्रदक्षिणा झाली, आता गाभारा. यॉर्कचे प्रार्थनामंदिर म्हणजे मिन्स्टर. आजची वास्तू उभारण्यास सुमारे १२२० पासून १४७२ पर्यंत अडीचशे वर्षे लागली. ज्याने पाया घातला त्याच्या नातवंडा-पणतवंडांनीही कळस पाहिला नाही. पूर्वेची मोठी खिडकी जॉन थॉर्नटन याने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत रंगीत काचांनी भरली, आणि सारे मिळून त्याला ५६ पौंड मिळाले. ती टेनिसच्या मैदानाएवढी आहे. जगाचा आरंभ आणि जगाचा शेवट तिच्यात चितारला आहे. २००८ ते २०१८ या दहा वर्षांत तिच्या ३११ चौकटी उतरवून, स्वच्छ करून पुन्हा बसविल्या.

मला मात्र उत्तरेकडील ‘पाच बहिणी’ जास्त भावल्या. या एका रांगेतील पाच उंच, चिंचोळ्या खिडक्या. तेराव्या शतकातल्या. त्यांत चित्रे नाहीत. करड्या-हिरवट काचेचे लाखभर तुकडे नक्षीत बसविलेले आहेत. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ब्रिटिश साम्राज्यातील स्त्रियांचे स्मारक म्हणून १९२५ साली या खिडक्या पुन्हा अर्पण केल्या. परिचारिका, दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामकरणी, अशा चौदाशेंहून अधिक बायकांची नावे तेथे ओकच्या फळ्यांवर लिहिली आहेत. खिडक्यांच्या दुरुस्तीचा खर्च स्त्रियांनीच वर्गणी काढून उभा केला. लढाईत पुरुष पडतात हे सारेच सांगतात. बायकाही पडतात हे एवढ्या मोठ्या मंदिरात लिहून ठेवलेले मी प्रथमच पाहिले. आणि याच मंदिरात २६ जानेवारी २०१५ रोजी लिबी लेन यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. इंग्लंडच्या चर्चमधील त्या पहिल्या स्त्री बिशप.

या मंदिराने आगीही पुष्कळ सोसल्या. १८२९ साली जोनाथन मार्टिन नावाच्या माथेफिरूने आग लावली. १८४० साली एका कामगाराच्या मेणबत्तीने पेट घेतला. ९ जुलै १९८४ च्या रात्री दक्षिणेकडचे छप्पर जळाले. वीज पडून ते झाले असावे असे ठरले. तेथील गोल गुलाब-खिडकीला हजारो तडे गेले, पण ती निखळली नाही. चार वर्षांत नवे छप्पर झाले. त्यावरील सहा लाकडी फुल्यांची चित्रे मुलांच्या स्पर्धेतून निवडली. म्हणजे राजे-बिशपांच्या मंदिरात मुलांची चित्रे कायमची बसली.

एक संकट मात्र ओळखीच्या वाटेने आले. बेडेकर नावाची जर्मन प्रवासी-मार्गदर्शक पुस्तके फार प्रसिद्ध. कोठे काय पाहावे ते त्यांत ताऱ्यांची खूण करून सांगितलेले असते. १९४२ साली जर्मनांनी एक्झेटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क, कँटरबरी अशा जुन्या, देखण्या शहरांवर बाँब टाकले, आणि त्या हल्ल्यांना लोकांनी त्या पुस्तकाचेच नाव दिले. २९ एप्रिल १९४२ च्या पहाटे यॉर्कवर बाँब पडले. जुने नगरगृह जळाले, आगगाडीचे स्टेशन जळाले, सेंट मार्टिनचे देऊळ जळाले, मिन्स्टर वाचले. त्या सेंट मार्टिनची पंधराव्या शतकातील मोठी खिडकी हल्ल्यापूर्वीच काढून ठेवली होती. १९६८ साली अर्धेच देऊळ पुन्हा बांधून खिडकी तेथे बसविली, आणि अर्धे शांततेची आठवण म्हणून उघडे ठेवले. जे पुस्तक हातात घेऊन माणसे शहर पाहावयास येत, त्याचे नाव शहर जाळण्याला मिळावे! सुंदर वस्तूची यादी वाचणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर सारे अवलंबून असते.

यॉर्कमध्ये पैसे देऊन पाहावयाच्या फेऱ्याही रगड आहेत. उघड्या छपराच्या मोटारी फिरतात, नदीतून नावा जातात, आणि १९७३ पासून तर रात्री भुतांच्या गोष्टी सांगत हिंडविण्याची टूम निघाली आहे. आगगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे, तेही फुकट. मुलांना तेथून हलविणे कठीण. या साऱ्यावर गावाचे पोट चालते हे खरे. तरी दाटी वाढली की घरे दुकाने होतात आणि राहणारा माणूस बाहेर पडतो, ही काळजी तेथील लोकही बोलून दाखवितात. खाटीक आळीत आता खाटीक नाही, हे काही निव्वळ कौतुकाने सांगावयाचे नाही.

या चार भेटींतून मला जे समजले ते एवढेच की शहर केवळ जुने असल्याने प्रेक्षणीय होत नाही. तट नगरसभा पाडीत होती, तो नागरिकांनी वाचविला. जुन्या वस्तू भंगारात जात होत्या, त्या एका डॉक्टरांनी उचलून ठेवल्या. फेरी दाखविणारे पगारी नाहीत. आणि त्या फेरीत नुसती फुशारकी नसते. बुरुजावरचे दीडशे जीव आणि दाराखाली चिरडलेली बाई यांची नावेही घेतात. आपल्या माणसांनी केलेले वाईट काम पाहुण्यासमोर सांगावयास धैर्य लागते. ते ज्या गावाला आहे, त्याने सांगितलेल्या चांगल्या गोष्टींवरही विश्वास बसतो.

मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या गावातील जुनी विहीर कोणी बांधली, पहिली मुलींची शाळा कोणत्या वाड्यात भरली, तेथे शिकविणारी पहिली बाई कोण, साथीच्या वर्षी घरोघर कोण फिरले, हे आज सांगू शकतील अशा सात-आठ आज्या आपल्यात आहेत. येत्या वर्षात आठवड्यातील एक दुपार त्यासाठी राखून, त्या सांगतील ते एका वहीत उतरवून घ्यावे. बरे तेही, बोचरे तेही. वही पुरी झाली की मग शाळेतील मुलांना घेऊन आपणच एक फेरी काढू. बक्षिशी अर्थातच घ्यावयाची नाही.